अत्तार मास्तर आणि बारा फर्मे

अत्तार मास्तर दाराला कडी घातल्याशिवाय काही बोलत नसत. बोलणे फार महत्त्वाचे असायचे असे नाही. "आज बाजारात मेथी चांगली आलीय," एवढेच सांगायचे असले तरी ते आधी बाहेर डोकावून बघत, दार लोटत, कडी घालत आणि मग सांगत. सांगून झाले की विचारत, "कुनाला बोलनार न्हाईस ना, निवृत्ती?" मेथीविषयी मी कोणाला काय बोलणार होतो, ते मला कधी कळले नाही. पण मीही मान हलवून "नाही" म्हणत असे. त्यांची भीती अंगाला लागण्यासारखी होती. त्यांच्याजवळ तासभर बसले की मलाही जिन्यावरच्या पावलांकडे कान लावावासा वाटे.

त्यांच्याविषयी लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करतो आहे. मला लिहिण्याचा सराव नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी इंग्रजी शाळेची पायरी चढलेले नाही. नगरला कॉलेज निघाले, म्हणून घोडेगावजवळच्या वाडीवरून मी आलो आणि सर्जेपुऱ्यात एक खोली घेऊन राहिलो. शेजारच्या दोन खोल्यांत मास्तर आणि हमीदाभाभी राहत. मास्तर लोकल बोर्डाच्या शाळेत चौथीला शिकवीत. त्यांची कादंबरी छापली जात होती ते सगळे महिने मी भिंतीपलीकडे होतो, आणि पुष्कळदा भिंतीच्या अलीकडेही. त्यांना विचारले असते तर त्यांनी मला लिहू दिले नसते, एवढे मला नक्की ठाऊक आहे.

मास्तर उंच होते, पण उंची कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये अशा बेताने वाकून चालत. शिंक आली तर ती नाकातच दाबून टाकत आणि मग इकडेतिकडे बघत. रस्त्यात पोलीस दिसला की ते चप्पल दुरुस्त करायला खाली बसत; चप्पल चांगली असे. शाळेतली मुले मात्र त्यांच्यावर जीव टाकीत. मारणे सोडाच, छडी हातात घेतली तर कोणीतरी तक्रार करील म्हणून त्यांनी ती वर्गातून काढूनच टाकली होती.

या माणसाचे अक्षर पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी चकित झालो. टपोरे, काळेभोर, ओळ सोडून एकही काना हललेला नाही. जणू ते कोणा धिप्पाड माणसाने लिहिले होते. मी तसे बोललो तेव्हा त्यांनी उठून कडी नीट लागली आहे का ते बघितले आणि म्हणाले, "लिहिताना भ्यायचं न्हाई. भ्यायला लिहून झाल्यावर वेळ भरपूर असतो."

तो वेळ त्यांना खरोखरच भरपूर मिळाला.

कादंबरीचे नाव होते 'रुमालाखाली'. आमच्या घोडेगावच्या बैलबाजारावर होती ती. आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटे धरून भाव ठरवतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. मास्तरांचे वडील दादाभाई त्या बाजारात सुरमा आणि अत्तर विकत हिंडायचे, आणि लहानपणी मास्तर त्यांच्या मागे मागे ती रुमालाखालची हालचाल बघत राहायचे. कादंबरी एका दलालाची होती. त्याने आयुष्यभर बोटांनी लोकांना फसवले, आणि शेवटी लकव्याने त्याचीच बोटे निकामी झाली. मी ती एका बैठकीत वाचली आणि दोन दिवस नीट जेवलो नाही. कारण तो दलाल मी पाहिलेला होता. आमच्या वाडीच्या प्रत्येक माणसाने पाहिलेला होता.

ती त्यांनी आधी पुण्याला एका प्रकाशकाकडे पाठवली होती. पार्सल सुतळीने बांधून त्यावर ते एक खास गाठ मारीत. त्यांच्या वडिलांची गाठ होती ती, अत्तराच्या कुप्यांची पेटी बांधायची. सात महिन्यांनी पार्सल परत आले. सोबत छापील चिठ्ठी होती, 'आमच्या धोरणात बसत नाही'. आणि गाठ जशीच्या तशी.

"उघडलंच न्हवतं त्यांनी," मास्तर मला सांगत होते.

"मग तुम्हाला राग आला असेल."

"राग? बरं वाटलं रे. वाचलंच न्हाई म्हंजे नापसंत कुठं केलं?"

दुसऱ्या प्रकाशकाकडून परत आली तेव्हा एकशे बाराव्या पानावर चहाच्या कपाचे वर्तुळ उमटले होते. मास्तरांनी ते पान वेगळे काढून जपून ठेवले होते. मला दाखवून म्हणाले, "हितपर्यंत आला हुता बग मानूस."

तिसऱ्यांदा ती आमच्या नगरच्याच भाऊसाहेबांकडे गेली. भाऊसाहेबांचे कापडबाजाराजवळ पुस्तकांचे दुकान होते. पाठ्यपुस्तके, वह्या, पंचांगे आणि वर्षाला एखादे आपले प्रकाशन. ते स्वतः कादंबऱ्या वाचत नसत. त्यांची थोरली बहीण, आक्का, दुकानामागच्या घरात राही. आलेले प्रत्येक हस्तलिखित तिच्याकडे जाई. मास्तर उत्तर ऐकायला जाताना मला बरोबर घेऊन गेले, आणि दुकानाच्या पायरीवर मलाच पुढे केले. आक्का आतूनच म्हणाली, "यातले बैल खरे आहेत. माणसं जरा कमी खरी आहेत, पण बैलांमुळे निभावून जाईल. छाप, भाऊ."

घरी आल्यावर मास्तर कडी घालून म्हणाले, "आता काय करायचं रे?"

*

छापखाना तोफखाना नावाच्या आळीत होता. तो भाऊसाहेबांच्या मेव्हण्याचा, पण चालवायचा लक्ष्मणराव कंपोझिटर. पन्नाशीचा, डोळ्याला दोऱ्याने बांधलेला चष्मा, बोटे शिशाने कायमची काळी. तिथे पहिल्या दिवशीच मास्तरांना घाम फुटला. लक्ष्मणरावांनी त्यांना समजावून सांगितले की छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, एकाच फर्म्यापुरते आहेत. फर्मा म्हणजे सोळा पाने. सोळा पाने जुळवायची, छापायची, मग ते खिळे सोडून परत खणांत टाकायचे, आणि त्याच खिळ्यांनी पुढची सोळा जुळवायची.

"म्हंजे छापून झालं की मागं फिरता येत न्हाई?" मास्तरांनी विचारले.

"छापलं ते छापलं. खिळेच मोडले, तर मागं कशात फिरनार?"

"आन् पुढं जाऊन मागचं चुकलंय असं कळलं तर?"

"तर पुढचं त्येच्याशी जुळवून लिवायचं," लक्ष्मणराव शांतपणे म्हणाले.

त्या दिवसापासून मास्तरांची झोप गेली. प्रूफ यायचे ते लांबलचक पट्ट्यांवर, पाने पाडण्याच्या आधीचे. ते तपासायला दोघे लागतात. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, स्वल्पविरामासकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून बघत जायचे. वाचायचे काम माझ्याकडे आले. पण मास्तर मला मोठ्याने वाचू देईनात. दार बंद, खिडकी बंद, उन्हाळ्याची दुपार, आणि मी कुजबुजत होतो, "त्याने रुमाल टाकला स्वल्पविराम आणि हसला पूर्णविराम."

आठवडाभराने समोरच्या गोदूबाईंनी मला नळावर गाठले. "काय रं निवृत्ती, त्या मास्तरासंगं दार लावून कसली मसलत चालती तुझी? रोज दुपारी दोघं खुसपुसताय. लोक बोलाया लागलेत."

हे मी मास्तरांना सांगायला नको होते. पण सांगितले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या वर्षी हैदराबादच्या हद्दीपलीकडून रोज नवी बातमी येई, त्यात खरे किती आणि खोटे किती कोणाला कळत नसे, आणि प्रत्येक बातमीनंतर आमच्या आळीत चार लोक मास्तरांच्या दाराकडे बघत. त्यांच्या गावची दोन घरे सामान बांधून पलीकडे निघून गेली होती. शाळेत एकाने त्यांना विचारले होते, "मग मास्तर, तुमचं कधी?" विचारणारा हसत होता म्हणतात. मास्तर मात्र महिनाभर ते वाक्य सुटे करून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही दारे आणि खिडकी सताड उघडली. मला म्हणाले, "वाच. लांबवर गेलं पायजे." मी खणखणीत आवाजात वाचू लागलो. थोड्या वेळाने गोदूबाई सुपात डाळ घेऊन उंबऱ्यावर येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी दोन बायका आणखी आल्या. गोदूबाईंना गोष्ट पसंत पडली, पण त्यांची एक तक्रार होती. "त्यो पूर्णविराम मधी मधी कशाला घालतो रं? बैलाचं चाललंय त्ये चालू दे की."

मास्तर हसले. त्या सबंध उन्हाळ्यात मी त्यांना हसताना पाहिले ते तेवढेच.

*

पुस्तकाचे पहिले पान शेवटी छापतात, हे मला तोवर माहीत नव्हते. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, अर्पणपत्रिका, हे सगळे बारा फर्मे छापून झाल्यावर. त्यामुळे नावाची गोष्ट निघायला जून उजाडला. अकरावा फर्मा मशीनवर होता, तेव्हा भाऊसाहेब मास्तरांच्या खोलीवर आले. यापूर्वी ते कधी आले नव्हते.

चहा झाला. भाऊसाहेब म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. दिवस बरे नाहीत. पुस्तक चांगलं आहे, पण तुमच्या नावानं दुकानदार उचलायचे नाहीत. उगाच कोणाच्या डोळ्यांत यायलाही नको. टोपणनाव घेऊ. पुष्कळ लोक घेतात."

"कुठलं?" मास्तरांनी विचारले.

"'प्रवरासुत' कसं वाटतं?"

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "प्रवरा मी एकदाच बघितली हाय. कोल्हारच्या पुलावरनं. मोटार थांबली न्हवती."

भाऊसाहेब गेल्यावर आतून हमीदाभाभी बाहेर आल्या. त्या माझ्यासमोर फारशा बोलत नसत. "हां बोल दो जी," त्या मास्तरांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तू सांग बाबा त्यांना. नावाचं काय घेऊन बसलात? गोष्ट तर तीच ऱ्हानार ना? उद्या कुनी दारावर आलं तर पुस्तक उभं ऱ्हानार हाय का मधी?"

मी काय सांगणार होतो? मला वाटत होते की नाव त्यांचेच असावे. पण दारावर कोणी आले तर मी तरी मधे उभा राहीन का, हे मला ठामपणे सांगता येत नव्हते. मास्तरांनी मान डोलावली. ठरले. 'प्रवरासुत'. त्या दिवशी ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले, असे भाभींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले.

आता मला एक कबूल करायचे आहे. मी एक गोष्ट पाहिली होती आणि बोललो नव्हतो. प्रूफ देण्याघेण्यासाठी मी छापखान्यात जाई तेव्हा छापलेले ताव तिथे रचलेले असत. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाला, डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत छापले होते, 'अत्तार – १', 'अत्तार – २', 'अत्तार – ३'. फर्मा बांधताना लक्ष्मणराव ती ओळ घालीत. मास्तरांनी पाहिलेल्या प्रुफांत ती नव्हतीच. मला ती फार आवडली होती. वाटले, पुस्तक आले की मास्तर स्वतःच बघतील आणि चकित होतील. म्हणून मी बोललो नव्हतो.

'प्रवरासुत' ठरल्यावर मला बोलावे लागले.

मास्तर तसेच उठून छापखान्यात गेले. मी मागे. लक्ष्मणरावांना त्यात काही विशेष वाटले नाही. "खूण हाय ती. आमच्याकडं एका येळी चार कामं असत्यात. भूगोल, पंचांग, लग्नपत्रिका. ताव दुमडताना ह्येचा फर्मा त्येच्यात जातो. म्हनून आमी खाली नाव घालतो. भूगोलावर 'भूगोल' घातलंय, तुमच्यावर 'अत्तार'. छापखान्यात ह्या कामाला समदे अत्तारच म्हनत्यात."

भाऊसाहेबांना बोलावून घेतले. ते कपाळाला हात लावून उभे राहिले. पुन्हा छापायला कागद नव्हता. परवान्यावर मिळालेला सगळा संपला होता. हजार प्रती, आणि प्रत्येकीत अकरा ठिकाणी ते नाव.

"खरवडून काढतो," मास्तर म्हणाले.

"हजार प्रती?"

"मी काढतो."

*

त्या रविवारी सकाळी छापखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही दोघे बसलो. खाली तरट, समोर तावांच्या थप्प्या, हातात दाढीचे पाते. कागद पातळ होता, लढाईतल्या टंचाईचा. मास्तरांनी पहिला ताव समोर घेतला, चष्मा वर सारला, आणि आपले नाव खरवडू लागले. ते काम ते फार नीट करीत होते. त्यांच्या अक्षरासारखेच. आधी 'र', मग 'ता'. मी बघत होतो. माझ्या हातातले पाते तसेच राहिले होते. एखादा माणूस आपले नाव असे शांतपणे खरवडताना मी आधी कधी पाहिला नव्हता आणि पुन्हा बघायची माझी इच्छा नाही.

नाव निघाले. त्यांनी ताव उजेडाकडे धरला. तिथे भोक पडले होते. त्यांनी तो उलटा केला. कागद वाचवायला लक्ष्मणरावांनी खुणेची ओळ पानाच्या शेवटच्या ओळीच्याच जागी बसवली होती. त्यामुळे मागच्या पानावरच्या शेवटच्या ओळीतला शेवटचा शब्द नावाबरोबर गेला होता. मास्तरांनी ती ओळ वाचली. 'बैल विकला गेला तरी त्याची मान', आणि पुढे भोक.

"मालकाकडेच," मी म्हणालो. मला पाठ होते.

"मान कुठं हुती त्येच गेलं," मास्तर म्हणाले.

त्यांनी दुसऱ्या फर्म्याचा ताव घेतला. या वेळी खरवडायच्या ऐवजी शाईने नाव झाकून बघितले. मागून डाग उमटला, आणि पुढून ते इतके काळे ठसठशीत दिसू लागले की आधी कोणाचे लक्ष गेले नसते ते आता जावे. मास्तर त्या डागाकडे बघत राहिले. "काळं फासल्यावानी दिसतंय," ते म्हणाले.

मग त्यांनी थप्पीतला एकेक फर्मा उचलून मागची ओळ बघायला सुरुवात केली. कुठल्या फर्म्यात कुठला शब्द जाईल ते. पाचव्यात 'नव्हता' जात होता. तो गेला तर वाक्याचा अर्थच उलटत होता. आठव्यात दलालाच्या बायकोचे नाव. नवव्यापाशी येऊन ते थांबले. त्यांनी पाते कागदात गुंडाळले आणि खिशात ठेवले.

"नावासाठी न्हाई, निवृत्ती," ते म्हणाले. "नावाचं मला काय न्हाई. पर मागचा शब्द जातो."

"मग?"

"ऱ्हाऊ दे मग." आणि थप्पी सारखी करीत, "भ्या वाटतंय रे लई."

भाऊसाहेबांनीही विचार केला. म्हणाले, पानाच्या तळाला कोण बघतो, राहू द्या आत. पहिल्या पानावर 'प्रवरासुत' घालू म्हणजे झाले. मास्तरांनी तेही मान्य केले. हे सांगितले पाहिजे, कारण पुढचे ऐकून ते शूर होते असे कोणाला वाटेल. त्यांनी मान्य केले होते.

बारावा फर्मा मशीनवर चढला त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. मोठे चाक एक माणूस फिरवीत होता, दुसरा कागद लावीत होता, आणि मशीनचा आवाज इतका होता की शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड न्यावे लागे. खोलीच्या त्या टोकाला लक्ष्मणराव खणांपुढे उभे राहून पहिले पान जुळवीत होते. पुस्तकाचे नाव जुळवून झाले होते. त्यांनी आम्हाला पाहिले आणि तिथूनच ओरडून विचारले, "नाव काय घालू?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितले.

लक्ष्मणराव म्हणाले, "भाऊसाहेब प्रवरासुत म्हनाले. पर माझं ऐका. भाईर एक आन् आत अत्तार म्हनल्यावर जो बघंल त्यो म्हनंल, दुसऱ्याच बुकाचे फर्मे लागले ह्येला. तीस वर्सांत माझ्या हातनं असं झालेलं न्हाई. तुमी सांगा त्ये घालतो. पर एकच काय त्ये सांगा."

मास्तरांचे ओठ हलले.

"काय?" लक्ष्मणराव ओरडले. "ऐकू येईना. मशीन चालूय."

मास्तर पुन्हा काहीतरी म्हणाले. मी शेजारी होतो, मलाही ऐकू आले नाही.

"मोठ्यानं सांगा मास्तर. चाक थांबवता येत न्हाई."

मास्तर सरळ उभे राहिले. ते इतके उंच होते हे मला त्या दिवशी कळले. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. आणि त्यांनी मशीनच्या वरून ओरडून सांगितले, "गुलाब अत्तार."

"मधलं? बापाचं?"

"दादाभाई. गुलाब दादाभाई अत्तार."

ताव दुमडणाऱ्या दोन बायकांनी वर बघितले. कागद लावणाऱ्याचा एक ताव तिरका गेला. लक्ष्मणरावांनी मान हलवली आणि खणातून 'गु' उचलला. मास्तर कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. "ऐकलं का रे कुनी?" त्यांनी मला विचारले.

भाऊसाहेब चिडले, पण फार नाही. खप झाला नाही तर आपल्याकडे तोंड घेऊन यायचे नाही, एवढेच म्हणाले. घरी भाभींनी दारातच विचारले, "दिलं नाव?" मास्तर म्हणाले, "दिलं." भाभींनी भाकरीचे पीठ परातीत घेतले, आणि ते बराच वेळ मळत राहिल्या.

*

पुस्तक आषाढात आले. भाऊसाहेबांनी एक प्रत दुकानाच्या काचेत ठेवली. त्या दिवसापासून मास्तर शाळेला दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागले, अर्ध्या मैलाचा वळसा घेऊन. रोज संध्याकाळी मला मात्र विचारीत, "हाय का?" मी आहे म्हटले, तर म्हणत, "म्हंजे कुनी घेतलं न्हाई." एक दिवस ती काचेत दिसली नाही. मी तसे सांगितल्यावर त्यांनी ताट बाजूला सारले. त्यांना वाटले, पोलिसांनी उचलले. दुसऱ्या दिवशी मी चौकशी केली, तेव्हा कळले की उन्हाने मुखपृष्ठाचा रंग उडतो म्हणून आक्काने प्रत आत नेली होती.

कोणी आले नाही. पत्र आले नाही, धमकी आली नाही, शाबासकीही आली नाही. श्रावणात बदलीचा हुकूम मात्र आला, शेवगावच्या पुढच्या एका गावी, हद्दीच्या बाजूला. पुस्तकामुळे की काय, कोणास ठाऊक. त्याच यादीत आणखी तीन मास्तर होते आणि त्यांनी काही लिहिलेले नव्हते. मास्तरांनी हुकूम अनेक वेळा वाचला, त्यात पुस्तकाचा उल्लेख शोधत.

भाभी महिनाभराने जाणार होत्या. मास्तर एकटेच निघाले. मलाही घरी जायचे होते, म्हणून घोडेगावपर्यंत एकाच मोटारीने गेलो. त्यांच्या मांडीवर लेखकाला मिळालेल्या दहा प्रतींचे गाठोडे होते, धोतराच्या पानात बांधलेले. सबंध वाटेत त्यांनी त्यावरचा हात काढला नाही.

घोडेगावला मोटार थांबवून झडती घेत होते. पुढे हद्दीकडे जाणाऱ्या सगळ्या मोटारींची घेत. एक जाडसर मध्यमवयीन पोलीस चढला, मास्तरांची मुसलमानी टोपी पाहून थेट त्यांच्यापाशी आला. मी उतरायला उभा राहिलो होतो, तो तसाच दांड्याला धरून राहिलो.

"काय हाय ह्यात?"

"पुस्तकं हायेत जमादार."

"सोडा."

मास्तरांना गाठ सुटेना. पोलिसाने स्वतःच सोडली. एक पुस्तक काढले, दुसरे काढले. "धाच्या धा सारखीच?"

"व्हय."

"येकच बुक धा येळा वाचता का काय?"

मागे कोणीतरी हसले. मास्तर हसले नाहीत. "मी लिहिलंय," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण ऐकू आला.

पोलिसाने त्यांच्याकडे निरखून बघितले. "कागद दावा." मास्तरांनी बदलीचा हुकूम काढून दिला. पोलिसाने एका हातात हुकूम आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरले, आणि एकेक अक्षर लावून बघू लागला. गुलाब. दादाभाई. अत्तार. त्याला वेळ लागला.

"जुळतंय," तो म्हणाला. "काय लिवलंय?"

"हितलाच बैलबाजार."

"घोडेगावचा? ह्योच?"

"ह्योच."

"दलालांचं बी हाय?"

"त्यांचंच हाय."

"माझा मामा दलाल हाय हितं," पोलीस म्हणाला. त्याने हुकूम परत दिला, नऊ पुस्तके गाठोड्यात टाकली आणि दहावे काखेत मारले. "बगतो खरं लिवलंय का."

तो उतरला. मीही उतरलो. मास्तरांना नीट निरोप द्यायचे मी मनाशी ठरवले होते, पाया पडायचे ठरवले होते, पण कंडक्टरने घंटी मारली. मी खिडकीशी गेलो. मास्तरांचे माझ्याकडे लक्ष नव्हते. ते माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. तिथे लिंबाखाली पोलीस एका पालथ्या डब्यावर बसला होता. त्याने बोटाला थुंकी लावली आणि पुस्तक मधूनच कुठेतरी उघडले. त्याचे ओठ हलू लागले.

मोटार हलली. मास्तरांच्या चेहऱ्यावरची भीती मी वर्षभर रोज बघत आलो होतो, पण अशी नव्हती बघितली. ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकले. टोपी पडायला आली होती, ती त्यांनी हाताने धरली.

"जमादार," त्यांनी हाक मारली. "ओ जमादार. मधूनच नका. पहिल्यापासून वाचा."